इंजेक्टर मोठे करायचे का? रोजची गाडी, ट्रॅकची गाडी आणि निर्णयाचं गणित

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी आम्हाला सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, "सर, इंजेक्टर मोठे घातले तर पिकअप किती वाढेल?" विचारणाऱ्यांत कॉलेजमधली मुलं होती, तशी साठीला आलेली काकामंडळीही होती. म्हणून आजचं व्याख्यान पूर्णपणे याच प्रश्नाला द्यायचं ठरवलं.

उत्तर आधीच सांगून टाकतो. नुसते इंजेक्टर मोठे घातले तर पिकअप वाढत नाही, एक पीएससुद्धा वाढत नाही. उलट बहुतेक रोजच्या गाड्या त्यामुळे थोड्या बिघडतात. पण काही गाड्या अशाही असतात, की त्यांत इंजेक्टर बदलले नाहीत तर इंजिनच जातं. तुमची गाडी यांपैकी कुठल्या गटात बसते हे कसं ओळखायचं, एवढाच आजचा विषय आहे. त्यासाठी थोडं गणित करावं लागेल, पण ते सातवीच्या पुढचं नाही.

इंजेक्टर नेमकं काय करतो?

ज्यांनी कार्ब्युरेटरच्या गाड्या चालवल्या आहेत त्यांना थंडीतल्या सकाळचा चोक आठवत असेल. कार्ब्युरेटरमध्ये हवा जाताना पेट्रोल आपोआप ओढलं जायचं. किती ओढलं जाईल हे जेटच्या भोकावर ठरायचं. मग विजेवर चालणारं इंजेक्शन आलं. बॉशची डी-जेट्रॉनिक ही प्रणाली १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाड्यांत आली. आपल्याकडे २००० सालच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि मारुती ८०० च्या मागेसुद्धा 'एमपीएफआय' ही अक्षरं दिसायला लागली. एमपीएफआय म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा एक इंजेक्टर.

इंजेक्टर हा विजेवर उघडणारा एक छोटा नळ आहे. नळाच्या मागे पेट्रोल ठरावीक दाबानं उभं असतं, साधारण तीन ते चार बार. संगणक, म्हणजे ईसीयू, त्याला सांगतो की इतके मिलिसेकंद उघड. नळ जितका वेळ उघडा, तितकं पेट्रोल आत. संपूर्ण खेळ वेळेचा आहे.

आता हा वेळ किती असतो बघा. इंजिन ६००० आरपीएमवर फिरतंय, म्हणजे सेकंदाला १०० फेरे. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं एक पूर्ण चक्र दोन फेऱ्यांत होतं, म्हणजे २० मिलिसेकंदांत. एका चक्राचं सगळं पेट्रोल या २० मिलिसेकंदांत द्यायचं आहे. त्यातला १६ मिलिसेकंद नळ उघडा असेल तर त्याला आपण ८० टक्के ड्यूटी सायकल म्हणतो. १०० टक्के म्हणजे नळ बंदच होत नाही, सतत वाहतो. त्याच्या पुढे जागा नाही. संगणकाला आणखी पेट्रोल हवं असलं तरी देणार कुठून?

म्हणून ट्यूनिंग करणारे लोक साधारण ८० ते ८५ टक्के ही वरची मर्यादा मानतात. पेट्रोल गरम होतं, दाब कमी-जास्त होतो, चार इंजेक्टरांत थोडा फरक असतो. या सगळ्यासाठी वरची पंधरा-वीस टक्के जागा राखून ठेवायची.

ताकद हवेतून येते

इंजिन हा मुळात हवेचा पंप आहे. जितकी हवा आत जाईल तितकंच पेट्रोल जळू शकतं. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनानं १४.७ ला १ असं आहे. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना आपण थोडं जास्त पेट्रोल देतो, साडेबारा ला एकच्या आसपास. त्यातून ताकद जास्त मिळते, शिवाय त्या जास्तीच्या पेट्रोलच्या वाफेनं आतलं तापमानही खाली राहतं.

आता समजा हवा तेवढीच आहे आणि तुम्ही नळ मोठा केला. पेट्रोल जास्त जाईल, पण जळायला हवा कुठाय? ते पेट्रोल अर्धवट जळेल, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढेल, ऑइलच्या चेंबरमध्ये उतरेल, मागे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवेल. ॲव्हरेज पडेल, धूर काळा होईल. ताकद मात्र वाढणार नाही. एखाद्याला भूक दोन भाकरींची असताना ताटात चार वाढल्या म्हणून तो काही जास्त काम करत नाही.

म्हणून पहिला प्रश्न इंजेक्टरचा नसतोच. पहिला प्रश्न हा, की तुम्ही इंजिनात जास्तीची हवा नेण्यासाठी काय केलंय? टर्बो बसवला? आहे त्या टर्बोचा बूस्ट वाढवला? कॅम बदलला? यांतलं काहीच केलं नसेल, तर इंजेक्टरचा विषय तिथेच संपतो.

आता आकडे मांडू

एक साधी गाडी घेऊ. १.२ लिटर, चार सिलिंडर, टर्बो नसलेली, साधारण ६० किलोवॅट, म्हणजे ८२ पीएसच्या आसपास. आपल्या रस्त्यांवर अशा हॅचबॅक ढिगानं आहेत.

पूर्ण ताकदीवर असं इंजिन एका किलोवॅटमागे तासाला साधारण ३०० ग्रॅम पेट्रोल खातं असं धरू. ६० गुणिले ३०० म्हणजे तासाला १८ किलो. पेट्रोलचं एक लिटर पाऊण किलोच्या जवळपास भरतं, म्हणजे तासाला २४ लिटर. मिनिटाला ४०० सीसी. चार इंजेक्टर, म्हणजे प्रत्येकाला मिनिटाला १०० सीसी.

समजा कंपनीनं दिलेला इंजेक्टर सतत उघडा ठेवल्यावर मिनिटाला १४० सीसी देतो. १०० भागिले १४०, म्हणजे ७१ टक्के ड्यूटी सायकल. आरामात चाललंय.

आता तुम्ही एअर फिल्टर, एक्झॉस्ट आणि रिमॅप केलं. टर्बो नसलेल्या गाडीत यातून फार मिळत नाही, तरी आपण उदार मनानं दहा टक्के धरू. १०० चे ११० सीसी झाले, ड्यूटी ७९ टक्के. अजूनही मर्यादेच्या आत. म्हणजे या गाडीला नवे इंजेक्टर लागत नाहीत. कुणी या कामाच्या यादीत 'बिग इंजेक्टर' असं लिहून दिलं असेल, तर त्याला हे गणित कागदावर मांडून दाखवायला सांगा.

आता दुसरं टोक. त्याच इंजिनावर टर्बो बसवला आणि ११० किलोवॅट काढायचे आहेत. टर्बोच्या इंजिनाला किलोवॅटमागे जास्त पेट्रोल द्यावं लागतं, ३४० ग्रॅम धरू. तासाला ३७ किलोच्या वर, म्हणजे जवळपास ५० लिटर. प्रत्येक इंजेक्टरला मिनिटाला २०८ सीसी. आपल्या १४० च्या इंजेक्टरवर हे १४९ टक्के होतं. शक्यच नाही. ८० टक्क्यांची मर्यादा पाळायची तर इंजेक्टर २६० सीसीचा हवा. इथे इंजेक्टर बदलणं ही हौस नाही, गरज आहे.

तर निर्णयाचा पाया हा. आपल्या गाडीचे चार आकडे लिहा: किती किलोवॅट हवेत, किलोवॅटमागे किती पेट्रोल, किती इंजेक्टर, आणि आहे त्या इंजेक्टरचा फ्लो किती. उत्तर ८० च्या आत आलं तर पैसे खिशात ठेवा.

आमची चूक

इथे आमची एक फजिती सांगायला हवी, कारण त्यातून जे शिकलो ते कुठल्याही सूत्रात नव्हतं.

काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या गाडीवर आम्ही टर्बो बसवला. इंजेक्टरचं गणित चोख केलं, योग्य मापाचे, माहितीपत्रकासकट आलेले इंजेक्टर घेतले. डायनोवर गाडी उत्तम. एअर-फ्युएलचे आकडे एका रेषेत. आम्ही खूश. मग गाडी कोइमतूरला करी स्पीडवेवर नेली. पहिले तीन लॅप झकास. चौथ्या लॅपला सरळ भागात गाडी एकदम ढिली पडली आणि मागून पांढरा-निळा धूर. पुण्यात आणून हेड उतरवलं, तर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची कड वितळून गेलेली.

इंजेक्टर बरोबर होते. पण आम्ही पंप जुनाच ठेवला होता, आणि त्याची वायरिंगही जुनीच. डायनोवर एक ओढ दहा-बारा सेकंदांची असते. तेवढ्यात पंप टिकला. ट्रॅकवर तोच पंप मिनिटामागून मिनिट पूर्ण भारावर. टाकीत पेट्रोल पाव टाकीच्या आत, तेही गरम. दाब हळूहळू पडला. संगणक नळ उघडत होता, पण नळाला पाणीच कमी. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पूर्ण बूस्टवर मिश्रण पातळ झालं की नॉकिंग सुरू होतं आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन ते फार वेळ सोसत नाही.

मित्रानं आम्हाला एका शब्दानं बोल लावला नाही. पण त्या वर्षीची त्याची सगळी हौस त्या एका लॅपमध्ये संपली. तेव्हापासून आम्ही 'इंजेक्टर अपग्रेड' हा शब्द वापरत नाही. 'पेट्रोलची वाट' म्हणतो. टाकी, पंप, फिल्टर, पाइप, रेल, रेग्युलेटर, इंजेक्टर, आणि शेवटी ईसीयूतला मॅप, ही सगळी एक वाट आहे. ती जिथे सगळ्यांत अरुंद असेल तेवढंच पेट्रोल पुढे जाणार.

दाबाचं गणितही लक्षात ठेवा. इंजेक्टरचा फ्लो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दाब तीनवरून चार बार केला तर फ्लो तेहेतीस टक्के वाढत नाही, पंधराच टक्के वाढतो. आणि दाब वाढला की पंपाची क्षमता मात्र घटते. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो, त्याला मॅनिफोल्डमध्ये काय चाललंय ते कळत नाही. रेलमध्ये चार बार आहेत आणि टर्बोचा एक बार बूस्ट समोरून ढकलतोय, तर उरले तीन. फ्लो तेरा टक्क्यांनी कमी झाला, तोही नेमका सगळ्यांत जास्त गरज असताना.

दुसरं टोक: सिग्नलवर उभी गाडी

आता रोजच्या गाडीकडे येऊ. इथे खरा त्रास वरच्या आरपीएमवर होत नाही, आयडलला होतो.

इंजेक्टरला करंट दिल्यावर सुई लगेच उचलली जात नाही. साधारण एक मिलिसेकंद त्यात जातो. याला डेड टाइम म्हणतात. बॅटरीचं व्होल्टेज कमी असेल तर तो आणखी वाढतो. रात्री हेडलाइट, एसी, वायपर सगळं चालू असताना हा फरक पडतोच.

आयडलला इंजेक्टर समजा अडीच मिलिसेकंद उघडतो. त्यातला एक गेला डेड टाइममध्ये. कामाचा उरला दीड. आता तुम्ही दुप्पट मोठा इंजेक्टर घातला, तर कामाचा वेळ अर्धा करावा लागेल, म्हणजे पाऊण मिलिसेकंद. इतक्या कमी वेळात सुई पूर्ण उघडायच्या आत बंद व्हायला निघते आणि हिशेब नीट लागत नाही. दीड मिलिसेकंदात एक दशांशाची चूक झाली तर ती सात टक्क्यांच्या आत असते. पाऊणमध्ये तीच चूक तेरा टक्के होते. गाडी डुगडुगते, एसी लावला की बंद पडते, पहिल्या गिअरला झटके देते.

एका मुलानं आमच्याकडे अशीच गाडी आणली होती. मोठे इंजेक्टर कुठूनतरी बसवून घेतलेले, मॅपही अर्धवट. तो स्वतः रविवारी चालवायचा. बाकी सहा दिवस गाडी त्याच्या आई ऑफिसला न्यायच्या. चांदणी चौकाच्या चढावर, मागे बस उभी असताना गाडी दोनदा बंद पडली होती. त्या स्वतः आल्या होत्या गॅरेजला. फक्त एवढंच म्हणाल्या, "अहो, आधी बरी होती ना गाडी?" मुलगा खाली मान घालून उभा. आम्ही मूळचे इंजेक्टर साफ करून परत बसवले, मूळचा मॅप टाकला. गाडी पहिल्यासारखी झाली. इंजेक्टरवर घातलेले पैसे मात्र गेले.

खरं सांगायचं तर आजचे चांगले इंजेक्टर कमी वेळातही बऱ्यापैकी अचूक असतात. पण त्यासाठी तीन गोष्टी हातात हव्यात: त्यांचा मोजलेला फ्लो, व्होल्टेजप्रमाणे डेड टाइमचा तक्ता, आणि लहान पल्सची माहिती. ही माहिती ईसीयूत भरता आली तरच गाडी शहाण्यासारखी वागते. माहितीपत्रक नाही, म्हणजे घेऊ नका. डब्यावरचं नाव खोटं असलेले डुप्लिकेट इंजेक्टर बाजारात भरपूर आहेत. रेझिस्टन्सही बघा. आपल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचे इंजेक्टर बारा ते सोळा ओहमचे असतात. दोन-तीन ओहमचे जुन्या पद्धतीचे इंजेक्टर थेट लावले तर ईसीयूचा ड्रायव्हर जळू शकतो.

बदलण्याआधी तपासा

गाडी ओढत नाही, म्हणून इंजेक्टर बदलायला निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांचा आजार वेगळाच असतो. म्हणून हा क्रम पाळा.

आधी प्लग, कॉइल, एअर फिल्टर आणि कॉम्प्रेशन बघा. मग स्कॅनर लावा आणि फ्युएल ट्रिम वाचा. ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून पेट्रोल सतत कमी-जास्त करत असतो, त्याची ही नोंद. लाँग टर्म ट्रिम शून्याच्या आसपास, पाच टक्के इकडे-तिकडे असेल तर गाडी निरोगी. अधिक दहा-पंधरा असेल तर ईसीयू सारखं जास्तीचं पेट्रोल मागतोय. कारण चोंदलेला इंजेक्टर असेल, अशक्त पंप असेल, नाहीतर इनटेकच्या पाइपला गळती असेल. पी०१७१ हा कोड आला तर मिश्रण पातळ, पी०१७२ आला तर घट्ट.

त्यानंतर फ्युएल प्रेशर मोजा, आणि गाडी उभी असताना मोजून थांबू नका. भारावर असताना काय होतं ते बघा. शेवटी इंजेक्टर काढून बेंचवर तपासा आणि अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये साफ करून घ्या. चौघांचा फ्लो दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळला पाहिजे. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत कित्येकदा एवढ्यानंच हरवलेला पिकअप परत येतो. परत बसवताना ओ-रिंग नव्या घाला. जुन्या ओ-रिंगवर पैसे वाचवणं म्हणजे गरम इंजिनावर पेट्रोल गळायला निमंत्रण. बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका.

इथेनॉलचा मुद्दा

आपल्या पंपांवर आता ई२० पेट्रोल आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. त्यातला काही वाटा आपल्याच कोल्हापूर-सांगलीच्या उसाचा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते, साधारण नऊला एक. दुसऱ्या बाजूनं सांगायचं तर तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त द्यावं लागतं. ई१० वरून ई२० वर आलो की साधारण साडेतीन-चार टक्के जास्त.

आपल्या उदाहरणातली रिमॅप केलेली गाडी आठवा, ७९ टक्क्यांवर होती. चार टक्के वाढवा. ८२ झाले. म्हणजे ई१० च्या काळात काठावर बसवलेला मॅप आज काठ ओलांडतो. गाडीवर काहीही केलेलं नसेल तर काळजी नाही, कंपनीनं मोकळी जागा ठेवलेली असते आणि ईसीयू सांभाळून घेतो. पण जुन्या मॅपवर बूस्ट वाढवून पळवत असाल, तर ड्यूटी सायकल पुन्हा मोजून घ्या. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील इथेनॉलला टिकतात का, तेही बघा.

डायरेक्ट इंजेक्शनची गोष्ट वेगळी

टीएसआय, जीडीआय अशी अक्षरं ज्या गाड्यांवर असतात त्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, तेही दीडशे-दोनशे, काही गाड्यांत साडेतीनशे बार दाबानं. इथे पेट्रोल द्यायला पूर्ण २० मिलिसेकंद मिळतच नाहीत. इनटेक आणि कॉम्प्रेशनच्या काळातच ते द्यावं लागतं. म्हणून ८० टक्क्यांचा नियम इथे लावू नका. इथे बघायचं ते रेलचा दाब. पूर्ण भारावर ईसीयूनं मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब यांत फरक पडायला लागला, की हाय प्रेशर पंप थकला समजा. साध्या रिमॅपला सहसा मूळचा पंप पुरतो. त्याच्या पुढे गेलं की पंप, इंजेक्टर, मॅप सगळं महाग होत जातं.

या गाड्यांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जात नसल्यानं तिथे कार्बन साठतो. टोयोटानं डी-४एस पद्धतीत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर एकाच इंजिनात दिले, त्यात पोर्टमधल्या इंजेक्टरनं व्हॉल्व्ह धुतले जातात हा एक फायदा. तुमची टीएसआय चार-पाच वर्षांनी सुस्त झाली असेल, तर इंजेक्टरआधी व्हॉल्व्ह बघा.

कायदा आणि विमा

हा भाग लोकांना आवडत नाही, तरी ऐका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये अशा बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडीचं प्रदूषण प्रमाणपत्र मिळालेलं असतं ते मूळचे इंजेक्टर आणि मूळचा मॅप धरून. शिवाय विमा कंपनीला न सांगता बदल केला असेल, तर अपघातानंतर दावा अडू शकतो. म्हणून आमचा सल्ला असा, की मोठे बदल ट्रॅकच्या गाडीवर करा. ती गाडी ट्रेलरवरून न्या, ट्रेलरवरून आणा. रोजची गाडी रोजच्यासारखी राहू द्या.

मग ट्रॅकच्या गाडीला काय करायचं?

क्रम उलटा लावायचा. आधी पंप आणि त्याला जाड वायरचा, स्वतंत्र रिलेचा पुरवठा. मग वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकून पंप हवा ओढू नये म्हणून टाकीत बॅफल किंवा वेगळा सर्ज टँक. मग इंजेक्टर, हिशेबापेक्षा थोडे मोठे, पण दुप्पट नाही. मग वाइडबँड लॅम्डा सेन्सर आणि फ्युएल प्रेशर सेन्सर, दोन्ही लॉगिंगसकट. आणि शक्य असेल तर असा ईसीयू, जो दाब पडला की स्वतःच बूस्ट तोडतो. आमच्या मित्राच्या गाडीत ही एक सोय असती, तर त्या दिवशी फक्त एक लॅप वाया गेला असता.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न: सर, माझी गाडी टर्बो पेट्रोल आहे, स्टेज वन रिमॅप केलाय. इंजेक्टर लागतील का?*

बहुधा नाही. पण 'बहुधा' वर विसंबू नका. तिसऱ्या गिअरला एक पूर्ण ओढ लॉग करा. पोर्ट इंजेक्शन असेल तर ड्यूटी सायकल, डायरेक्ट असेल तर रेलचा दाब. सोबत लॅम्डा. तीन रेषा बघितल्या की उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल. आणि हे रस्त्यावर नको, डायनोवर करा.

*प्रश्न: मोठ्या इंजेक्टरवर मॅप न बदलता नाही का चालत? ईसीयू जुळवून घेतो म्हणतात.*

जुळवून घेतो, पण त्याला मर्यादा आहे. साधारण वीस-पंचवीस टक्क्यांनंतर तो हात टेकतो आणि चेक इंजिनचा दिवा लावतो. शिवाय हे जुळवणं ऑक्सिजन सेन्सर बघून, हलक्या भारावर होतं. पूर्ण ॲक्सिलरेटरवर तो मुख्यतः तक्त्यातल्या आकड्यांवर चालतो. म्हणजे जिथे धोका सगळ्यांत जास्त, तिथेच हे जुळवून घेणं सगळ्यांत कमी कामाचं.

*प्रश्न: काका, मी अजून शिकतोय, बजेट कमी आहे. एकच गोष्ट करायची तर कुठली?*

इंजेक्टर साफ करून, फ्लो मोजून घे. आणि उरलेल्या पैशांत एक ट्रॅक डे कर, आहे त्या गाडीवर, चांगल्या ब्रेक पॅडसकट. पहिल्या दिवशी तुला कळेल की कमी पडतंय ते पेट्रोल नाही, आपला हात कमी पडतोय. आम्हा दोघांनाही पहिल्या वेळी हेच कळलं होतं.

तर मंडळी, थांबतो. घरी गेल्यावर एक कागद घ्या आणि ते चार आकडे लिहा. उत्तर ८० च्या आत आलं तर गाडी पुसून ठेवा. बाहेर आलं तर इंजेक्टरपासून सुरुवात करू नका, टाकीपासून करा.